एका दमाची धून

मास्तरांचा पुढचा दात पडला तो नवऱ्या मुलाच्या मेव्हण्याच्या कोपराने.

मेव्हणा नाचत होता असं लोक म्हणतात. खरं तर तो पडत होता, आणि दर वेळी पडता पडता उभा राहत होता. अशाच एका उभं राहण्यात त्याचं कोपर मागे आलं आणि मास्तरांच्या क्लॅरिनेटवर बसलं. क्लॅरिनेटला काही झालं नाही. ते काळ्या टणक लाकडाचं, मास्तरांच्या वडिलांच्या हातचं, त्याने असे पुष्कळ मेव्हणे पाहिलेले. मास्तर मात्र खाली बसले. तोंडातून काहीतरी तळहातावर काढलं, उलटंसुलटं करून बघितलं, युनिफॉर्मच्या खिशात टाकलं आणि उठून पुन्हा वाजवायला गेले. वाजलं नाही. सायकलचा पंप फाटल्यासारखी नुसती हवा फुसफुसली.

मोठ्या ड्रमवर मास्तरांच्या मुलीचा मामा होता. ड्रमवाल्याला सगळं दिसतं, कारण त्याला बघण्याशिवाय फार काम नसतं. त्याने लगेच ठेका वाढवला, ट्रंपेटवाल्यांना डोळ्याने पुढे ढकललं, आणि उरलेली वरात नुसत्या धडामधुडुमवर मांडवाच्या दारापर्यंत नेऊन पोचवली. नाचणाऱ्यांना पत्ता लागला नाही. मेव्हण्याला तर दुसऱ्या दिवशीही लागला नसेल. पण मास्तरांच्या मागे त्यांची मुलगी दुसरं क्लॅरिनेट घेऊन चालत होती. तिने बापाच्या कॉलरवर रक्ताचा थेंब बघितला. दाताचं तिला वाईट वाटलंच. पण आता दारात धून कोण वाजवणार, हे तिच्या डोक्यात आधी आलं, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

तिला घरात आणि गल्लीत सगळे फुंकणी म्हणत. रांगायला लागली तेव्हापासून चुलीजवळची फुंकणी घेऊन ती पूं पूं करत फिरायची. चूल पेटायची नाही, आईचं डोकं तेवढं पेटायचं. आता ती लग्नाच्या वयाची झाली होती, डोक्यावर टोपी चढवून बँडमध्ये चालायची, लांबून पोरगाच वाटायची. नाव मात्र तेच राहिलं.

आता धुनेचं सांगितलं पाहिजे, कारण या बँडला लोक बोलवत ते त्या धुनेसाठीच. ट्रंपेट काय, ड्रम काय, कुणीही आणतो. धून फुंकणीच्या आजोबांनी बसवलेली. वरात मांडवाच्या दाराशी आली की ड्रम थांबायचे, ट्रंपेट खाली यायचे आणि क्लॅरिनेट एकटं सुरू व्हायचं. एकच लांब ओळ. वर चढायची, वर जाऊन जरा रेंगाळायची, उतरता उतरता पुन्हा एकदा मागे वळून बघायची आणि मग अलगद खाली बसायची. सगळं एका दमात. ऐकणारे आपसूक श्वास धरून उभे राहायचे. म्हाताऱ्यांचा खोकला थांबायचा. ओळ संपली की सगळा मांडव एकदम उसासा टाकायचा, आणि मग नवरी मुलगी आत पाऊल टाकायची. मामाचं म्हणणं असं की आजोबांना धून बिन काही नको होती, त्यांना तो उसासा ऐकायचा होता.

आजोबा मूळचे दोर वळणारे. म्हणून घराला अंगण कसलं, तर रुंदीला दोन माणसं आणि लांबीला अख्खी आळी. विहिरीचा दोर वळायचा तर तेवढी लांबी लागतेच. एक जण चाक फिरवतो, दुसरा काथ्या सोडत उलटा उलटा मागे जातो. त्याच अंगणात आजोबांनी बँड उभा केला. वरातीत चालत वाजवायचं, तर शिकायचंही चालतच, असा त्यांचा नियम. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जायचं, टोकाला तोंड बाजूला घ्यायचं, वळायचं, पुन्हा तोंड लावायचं. वळताना तोंडात वाद्य ठेवलं तर मार बसायचा. भिंतीला नळी आपटते आणि दात जातात, हे आजोबांना स्वतःच्या दातावरून कळलं होतं. म्हणजे दात गमावण्याची या घराला जुनी सवय होती, पण वळताना तोंड काढण्याची सवय त्याहून पक्की.

आजोबा गेले आणि त्यांच्या दोन मुलांचं फाटलं. धाकट्याला कर्णे, बॅटरी, हातगाडी आणि तयार गाणी वाजवणारी बटणांची पेटी पाहिजे होती. मास्तरांना त्याचं नाव ऐकलं तरी उलटी व्हायची. बोलणं वाढलं, मग बोलणं बंद झालं, आणि बंद झालेलं बोलणं विटांनी बांधून काढलं. अंगणाच्या बरोबर मध्ये आडवी भिंत आली. अलीकडे मास्तर, पलीकडे काका. विहिरीचा दोर त्या दिवसापासून घरात वळला गेला नाही. अर्ध्या अंगणात काय वळणार, जनावरांची दावी आणि बादलीच्या दोरीचे तुकडे. तेच आजतागायत चाललेलं.

फुंकणी शिकली ती या अर्ध्या अंगणात.

दात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा जबडा वांग्यासारखा सुजला होता. दातांच्या डॉक्टरने शेजारचा दातही डगमगतोय म्हणून काढून टाकला होता, आणि हिरडी भरायला वेळ लागेल, तोवर तोंडात काही दाबून धरायचं नाही, असं बजावलं होतं. हिरडी भरणार पावसाळ्यात. लग्नं संपणार पावसाच्या आत. उन्हाने अंगण तापलेलं, काथ्या भिजवायला पाणी पुरत नव्हतं, वळलेली दावी तशीच खुंटीला, कारण गावात जनावरं विकून लोक मोकळे झाले होते. उरला बँड.

मास्तरांनी आपलं क्लॅरिनेट मुलीच्या हातात दिलं. आजवर तिने ते पुसलं होतं, वाजवलं नव्हतं. धून तिला कुणी शिकवलीही नव्हती; ती ज्याच्या हातात आजोबांचं क्लॅरिनेट जाईल त्यालाच शिकवायची. पण घरात गाणारा पोपट असला तरी शिकला असता. फुंकणी दुपारी सगळे लवंडले की आपलं फुटकं क्लॅरिनेट घेऊन अंगणात चालत चालत ती वाजवायची, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ते झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. पण घोरता घोरता ऐकलेलं आणि समोर बसून ऐकलेलं यात फरक पडतो.

"वाजव," ते म्हणाले. दोन दात नसल्याने शब्दाला वारा लागत होता.

ती उभी राहिली. छाती भरली. ओळ सुरू झाली, आणि मामाने काथ्या खाली ठेवला. आवाज मास्तरांच्यापेक्षा गोल होता. वर चढली, वर रेंगाळली, आणि उतरायच्या आधी तिने तोंड काढलं, मान जराशी बाजूला नेली, एक श्वास घेतला आणि पुन्हा तोंड लावून पुढचं वाजवून टाकलं.

मास्तरांना वाटलं, माशी बसली. त्यांनी पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा ते अगदी नाकाशी नाक लावून उभे राहिले, माशी आली तर धरायची म्हणून. माशी नव्हती. तोंड निघालं, मान वळली, श्वास घेतला गेला.

"दम पुरत नाही का?"

"पुरतो बाबा. उरतोसुद्धा."

"मग काढतेस कशाला?"

"मी नाही काढत," फुंकणी म्हणाली. "निघतं."

मास्तरांनी तिला चालत वाजवायला सांगितलं आणि बाजूने स्वतः चालले. घराच्या टोकापासून निघाली, वर चढली, रेंगाळली, आणि नाकासमोर भिंत आली. तोंड निघालं, ती वळली, उतरत उतरत परत घराशी आली आणि ओळ बसली. सगळं कसं मापात, फक्त माप अर्ध्या अंगणाचं. मास्तर भिंतीपाशीच उभे राहिले होते. त्यांनी विटांवर हात टेकवला, मग कपाळ टेकवलं, आणि मामाला वाटलं की मास्तर रडतात की काय. ते हसत होते. तोंड सुजलेलं असल्यामुळे दोन्ही सारखंच दिसत होतं.

भिंत बांधली तेव्हाच मी म्हटलं होतं, असं आई घरातून म्हणाली. ती काय म्हणाली होती ते कुणाला आठवत नव्हतं, पण म्हणाली असणार.

मग जे सुरू झालं त्याला शिकवणं म्हणायचं की छळ, हे ज्याचं त्याने ठरवावं. मास्तर तिला खाणीच्या रस्त्यावर घेऊन गेले. तिथे भिंत सोडा, झुडूपही नाही. ती चालत वाजवायला लागली. सरळ रस्ता, समोर ऊन, आणि बरोबर तेवढीच पावलं झाल्यावर तोंड निघालं, मान वळली. मागून येणाऱ्या खडीच्या ट्रकवाल्याला वाटलं बाई आपल्याला वाट देते, त्याने हॉर्न वाजवून आभार मानले. मास्तरांनी तिला धावत वाजवायला लावलं. मग हळू. मग खुर्चीत बसवून. मग पाठीवर झोपवून, पोटावर दाव्यांचा भारा ठेवून. निजल्या निजल्या तिची मान वळायची. मामाने तिच्या मागे उभं राहून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, तर डोकं जागेवर राहिलं पण ओठ सुटले. आईने जुना फडका हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली, दाढ दुखणाऱ्याला बांधतात तसा. फडका ओला होऊन सुटला. पाणी भरायला निघालेल्या बायका कुंपणापाशी थांबल्या आणि कळशा खाली ठेवून निवांत बघत बसल्या. त्यातली एक म्हणाली, लग्न झाल्यावर जाईल ही खोड.

फुंकणी बापाला एकदाही नाही म्हणाली नाही. सकाळी काथ्या झोडपायचा, हातांची सालपटं निघायची, त्याच सालपटलेल्या बोटांनी भोकं दाबायची. ओठाच्या आतल्या बाजूला जखम झाली. पण जितकं ती त्या जागेला घाबरायला लागली, तितकी ती जागा अलीकडे यायला लागली. आधी निदान रेंगाळून झाल्यावर तुटायचं. आता कधी कधी रेंगाळताना तुटे.

आणि नेमका तेव्हाच मांडववाला आला.

या मुलखातली सगळी लग्नं मांडववाल्याच्या हातात. मांडव त्याचा, खुर्च्या त्याच्या, दिवे त्याचे, आणि बँड कुठला हेही तोच ठरवायचा. तो दाव्यांच्या ढिगावर टेकला, काथ्याचा एक धागा उपसून कान कोरायला लागला आणि म्हणाला की धान्याच्या व्यापाऱ्याकडे कार्य आहे. व्यापाऱ्याचा म्हातारा बाप हट्टाला पेटलाय. त्याच्या स्वतःच्या लग्नात आजोबांनी दारात वाजवली होती ती धून त्याला मरायच्या आत एकदा ऐकायचीय. ती झाली तर पुढची सगळी लग्नं तुमची. मास्तर, तुमच्या दातांचं मी ऐकलंय. जमत नसेल तर तसं सांगा, भिंतीपलीकडे तुमच्या पुतण्याची गाडी तयारच आहे.

पुतण्याला सगळे बटण्या म्हणत.

मास्तर म्हणाले, मुलगी वाजवेल. मांडववाल्याने कानातला धागा काढून फुंकणीकडे बघितलं आणि मग आत्ताच ऐकव म्हणाला. मामाला सुचलं. त्याने पुढे होऊन क्लॅरिनेट उचललं, माऊथपीसवरची पत्ती उन्हात धरून गंभीरपणे बघितली, आणि पत्ती आजच नवी बसवलीय, तिला अजून ओठ लागलेला नाही, आत्ता वाजवली तर कार्याच्या दिवशी आवाज फाटेल, असं काहीतरी ठोकून दिलं. मांडववाला मान हलवून गेला. तो गेल्यावर मामा म्हणाला, आता पत्तीच्या नावाने किती दिवस काढणार.

मास्तरांनी स्वच्छ शर्ट घातला आणि भिंतीला वळसा घालून भावाच्या दारात गेले. कित्येक वर्षांत गेले नव्हते. फुंकणी मागोमाग गेली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायलाही कुणी नव्हतं.

काका खुर्चीत बसून वायर सोलत होता. भावाला बघून उठला, खुर्ची पुढे केली, मग दोघंही उभेच राहिले. पलीकडचं अर्धं अंगण फुंकणीने पहिल्यांदा इतकं जवळून बघितलं. तेवढंच लांब, तेवढंच रुंद, फक्त भिंत उलट्या बाजूने. भिंतीला टेकून मोठाले कर्णे रचलेले, त्यावर ताडपत्री.

मास्तर म्हणाले की भिंतीतली माणूसभर जागा काही दिवस उघडी करायला मिळाली तर बरं होईल. पोरीला टोकापासून टोकापर्यंत चालवायचं आहे. नंतर मी स्वतः बांधून देईन. एवढं बोलताना त्यांनी दोनदा हिरडी चोखली.

काकाने सगळं ऐकून घेतलं. रस्त्यावर चालव ना, म्हणाला. चालवली, मास्तर म्हणाले. आजोबांच्या हातचा मार काकानेही खाल्ला होता, त्यामुळे त्याला जास्त सांगावं लागलं नाही. मग त्याने कर्ण्यांकडे हात केला, हे हलवायचे कुठे, वरून पोराची कामं सुरू आहेत, असं सांगितलं. ते खरंही होतं. शेवटी म्हणाला की ती इकडे येऊन चालली तरी काय, अर्धं तिकडे झालंय, अर्धं इकडे होईल.

एवढ्यात बटण्या बाहेर आला. काकाच्याच तोंडावळ्याचा, हसरा, अंगात कायम कुठलंतरी गाणं. त्याने फुंकणी ताईला डोळ्याने खूण केली, पेटी चालू केली आणि एक बटण दाबलं.

कर्ण्यातून धून आली. क्लॅरिनेट, एकटं. वर चढली, रेंगाळली, उतरता उतरता मागे वळली, बसली. कुठेही तुटली नाही. त्यात मागे कोंबडी ओरडल्याचा आवाज होता, आणि चाकाची कुरकुर. ते चाक फुंकणीने ओळखलं. ते त्यांच्याच अंगणातलं. बटण्याने केव्हातरी भिंतीवर माइक ठेवून मास्तरांचा रियाज उचलला होता.

धून संपल्यावर मास्तरांनी श्वास सोडला. तो दातांच्या खिंडीतून शिट्टी होऊन बाहेर आला.

"दादा, तुझंच आहे," काका म्हणाला. "चोरलंय म्हण पाहिजे तर."

बटण्याने योजना सांगितली. फुलांच्या कमानीमागे एक कर्णा लपवायचा. ताईने युनिफॉर्म घालून दारात क्लॅरिनेट तोंडाला धरायचं. कोंबडी पुसून टाकता येईल, चाकाचं बघतो. म्हाताऱ्याला धून मिळेल, तुमचं काम राहील, कुणाच्या बापाला कळणार नाही. मग कुणाच्या बापाला म्हटल्यावर त्याने जीभ चावली.

"बटणाला दम लागत नाही मोठे काका," तो म्हणाला. वाईट मनाने म्हणाला नाही.

घरी येऊन मास्तर चाक फिरवायला बसले. फुंकणी काथ्या सोडत मागे मागे गेली, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि तिथून बोलली.

"मी माझं वाजवते. तुटलं तर तुटलं."

मास्तर चाक फिरवत राहिले.

"तुझं एकटीचं तुटत नाही ना. मामाचं तुटतं. ट्रंपेटवाल्यांचं तुटतं. त्यांना दुसरं काय येतं?"

"म्हणजे मी नुसती तोंडात धरून उभी राहू?"

"बोटं बरोबर हलव." चाक थांबलं. "बोटं तुझी चांगली आहेत. माझ्यापेक्षा."

बापाच्या तोंडून तिच्या वाजवण्याबद्दल निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य. ते ऐकायला ती लहानपणापासून अंगणात फेऱ्या मारत होती. ऐकलं आणि तिला कळेना की त्याचं करायचं काय. तिने पुढचा काथ्या जोडला.

कार्याच्या दिवशी ऊन असं होतं की पितळी वाद्यांना हात लावता येत नव्हता. ट्रंपेटवाले रुमाल गुंडाळून धरत होते. युनिफॉर्म आईने उसवून फुंकणीच्या मापाचा केला होता, तरी काखेत ओढत होता. वरात निघाली आणि पहिल्या चौकातच एक गोष्ट घडली जी कुणी गृहीत धरली नव्हती. फुंकणी सुंदर वाजवायला लागली. नाचाची गाणी ती, तुकड्यातुकड्यांची, त्यात दम घ्यायला हजार जागा. तिने त्यांच्यात अशा काही गिरक्या घातल्या की मामाने ड्रमवरची काठी हवेत फेकून झेलली. गच्चीवरच्या बायका खाली आल्या. नाचणाऱ्यांच्या अंगातला आळस गेला. मास्तर आज झांज घेऊन शेवटच्या ओळीत चालत होते, तोंडावर रुमाल. तेही रुमालाच्या आत काहीतरी गुणगुणत होते. रस्ताभर तिला वाटत राहिलं की हे असंच चालत राहावं, मांडव लांब कुठेतरी असावा, पुढच्या गावात असावा.

मांडव आला.

ड्रम थांबले. ट्रंपेट खाली आले. दारात फुलांची कमान, कमानीखाली लाल सतरंजी, आणि समोर खुर्चीत व्यापाऱ्याचा म्हातारा बाप, डोळे मिटून, हातातली काठी मांडीवर आडवी. कमानीमागून बटण्याची चप्पल दिसत होती. फुंकणी सतरंजीवर जाऊन उभी राहिली. माऊथपीस ओठांत धरला. छाती भरायची नव्हती, पण भरली गेली.

बटण दाबलं गेलं.

बाबांचा दम तिच्या पाठीमागून आला आणि तिच्या डोक्यावरून मांडवात गेला. तिने बोटं हलवली. एकही चुकलं नाही. वर चढली. वर रेंगाळली. मांडवात कुणी हलत नव्हतं, चूल विझवून आचारीसुद्धा बाहेर येऊन उभे होते. आणि तिचं तोंड निघालं. मान जराशी बाजूला गेली, समोर काहीतरी आल्यासारखी. तिने श्वास घेतला.

धून चालूच होती.

क्लॅरिनेट तिच्या हातात, ओठांपासून वीतभर लांब, आणि धून उतरत होती, मागे वळून बघत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. दुसरीने तिला कोपर मारलं. शूटिंगवाल्याने कॅमेरा फुंकणीच्या तोंडावरून क्लॅरिनेटवर नेला, तिथून कमानीवर, आणि तिथून बटण्याच्या चपलेवर. तिने घाईने माऊथपीस परत ओठांना लावायला नेला तर तो नाकाला लागला. आता हसू पसरलं, आधी बायकांत, मग पुरुषांत, पोट धरून धरून. एका शहाण्याने टाळी वाजवली. मामाने डोळे मिटले.

ओळ बसली. उसासा आला नाही, कारण सगळ्यांचा श्वास हसण्यात खर्च झाला होता.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्याच्या गालांवर पाणी होतं. त्याने यातलं काही पाहिलं नव्हतं. अगदी तशीच, तो म्हणाला, अगदी तशीच वाजवली. मग त्याला दोघांनी धरून उठवलं आणि नवरी मुलगी आत गेली, पाठोपाठ सगळी माणसं जेवायला गेली.

मांडववाला रागावेल म्हणून मास्तर पुढे झाले. तो मुळीच रागावला नाही. हसूनच डोळे पुसत होता. म्हाताऱ्याला पाहिजे ते मिळालं, मला दुसरं काय हवं, म्हणाला. मास्तर, मला एक कळलं. धून गाडीतून चांगली वाजते, मग उगाच पोरीला कशाला उन्हात उभी करायची. उद्यापासून गाडीच आणतो. तुमच्या माणसांना युनिफॉर्म घालून गाडीमागे चालायचं असेल तर चालू दे, शोभा येते. वाद्यं धरून नुसतं चाला. त्याने मास्तरांच्या दंडावर थोपटलं. काळजी करू नका, गाडीत वाजताय ते तुम्हीच आहात.

बटण्या वायर गुंडाळत होता. मान वर करत नव्हता. ट्रंपेटवाले जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते; त्यांना वाढायला उशीर लागणार हे त्यांना माहीत होतं, पण रांगेत असलेलं बरं.

फुंकणी सतरंजीवर तिथेच उभी होती. मास्तर तिच्याकडे आले. त्यांनी तिची टोपी सरळ केली.

तिने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. जिथे तोंड निघालं होतं, बरोबर त्या सुरापासून तिने पुढची ओळ उचलली. उरलेली अर्धी. ती तिला कायमच यायची. सूर खाली उतरायला लागला, गोल, जाड, अंगातून आलेला, आणि जेवणाच्या भांड्यांच्या आवाजात तो फार लांब गेला नाही. मास्तर ऐकत उभे राहिले. मामा ड्रम पाठीला बांधता बांधता थांबला.

मांडववाल्याचा माणूस लाल सतरंजी गुंडाळत आला होता. ती संध्याकाळी दुसऱ्या मांडवात लागणार होती. गुंडाळी फुंकणीच्या पायापर्यंत आली आणि अडली. त्याने वर बघितलं.

"ताई, पाय उचला जरा."

तिने वाजवता वाजवता एक पाय उचलला. मग दुसरा.